किटणपत्रिका

लग्नाआधी पत्रिका जुळवतात तेव्हा माणसं खोटं बोलतात. लग्नानंतर तीस वर्षांनी दातांवरचं किटण जुळवतात, ते खोटं बोलत नाही, असं सरकारचं म्हणणं. असेल. पण ते वाचणारी माणसं आमच्यासारखीच असतात, आणि आम्ही कशी असतो ते मी सांगते.

मी मालन आनंदराव थोरबोले. शाळा चौथीपर्यंत, तीही पावसाळ्यात बुडवून. तासगावच्या अलीकडं एका बेदाण्याच्या शेडमध्ये बत्तीस वर्षं मुकादम होते. शंभर बाया माझ्या एका नजरेवर बेदाणा निवडायच्या. काडी राहिली की मी आवाज चढवत नसे. नुसता तो दाणा त्या बाईच्या तळहातावर ठेवायची आणि पुढं जायची. ती बाई आठवडाभर मान वर करत नसे. तीन पोरं, सात नातवंडं, आणि घरात माझ्या शब्दाला शब्द लावणारं कुणी जन्मलं नाही.

आता कायद्याचं. आमच्या वेळी लग्न मांडवात व्हायचं, कचेरीत नाही. कागद कुणी केला नाही आणि कुणाचं अडलंही नाही. पण लग्न म्हणजे काय, हे दारात कुणीतरी उभं राहून विचारतं तेव्हा कळतं, की तू ह्याची कोण? दवाखाना विचारतो, सातबारा विचारतो, शेवटी स्मशानातलं रजिस्टरसुद्धा विचारतं. म्हणून हा सहवासाचा कायदा आला. कागद नाही ना, मग दात दाखवा.

तपासणीच्या मॅडम पहिल्यांदा शेडमध्ये आल्या तेव्हा त्यांनी आम्हाला नीट समजावलं होतं. माणसाच्या तोंडात जंतू असतात, चांगले-वाईट सगळे. थुंकीतला चुना त्यांच्यावर बसतो, त्यांचा दगड होतो आणि ते आत जसेच्या तसे राहतात. झाड तोडलं की बुंध्यावर वर्षांची कडी दिसतात, तसे दातावरच्या किटणात थर. सगळ्यात खालचा जुना, वरचा परवाचा. जंतू पिलं घालताना स्वतःची नक्कल करतात, आणि नक्कल करताना एखादी चूक होते. ती चूक पुढच्या सगळ्या पिढ्यांत उतरते, जशी एका घराण्यात नाकाची ठेवण उतरते. नवरा-बायको एका तांब्यातलं पाणी पितात, एका ताटात जेवतात, बाकीचंही सगळं करतात. वर्षा-दोन वर्षांत दोघांच्या तोंडात त्याच चुका सापडायला लागतात. मशीन सुईच्या टोकाएवढी खपली घेतं आणि एका तासात सांगतं, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत कोण कोणासोबत राहिलं. ज्यानं दवाखान्यात दात खरवडून घेतले त्याचा इतिहास गेला. आमच्याकडं ती चैन कुणी केली नव्हती.

आणखी एक गोष्ट मॅडमनी सांगितली होती, तेव्हा ती माझ्या कानावरून गेली. जुन्या जोडप्याचे जंतू इतके एक होतात की नोंदीत दोन माणसं ठेवत नाहीत. एक घर ठेवतात. घराला नंबर.

गावात पहिली किटणपत्रिका मी काढून घेतली. तालुक्याच्या नोंदीत घर क्रमांक सतरा. काचेत बसवून देवघराशेजारी लावली. अर्जात एक प्रश्न होता: तंबाखू, मशेरी, चिलीम दुसऱ्या कुणासोबत वापरता का? मी ठणकावून सांगितलं, "न्हाई." लिहून घेणारी पोरगी म्हणाली, "तुमच्याबद्दल विचारायलाच नको, अक्का." शेडच्या दारावर मशेरीबंदीची पाटी मीच लावली होती. माल परदेशी जायचा. कविता नावाच्या एका पोरीच्या कनवटीला डबी सापडली, तर मी तिला त्याच पावली घरी धाडलं होतं.

आणि तरी रोज दुपारी दोनला, गंधकाच्या खोलीमागं, मी आणि सोजर एका डबीत बोट घालत होतो.

सोजर माझी मैत्रीण. तीस वर्षांपासूनची. चोविसाव्या वर्षी विधवा होऊन शेडवर आली, तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. मीच तिला बोलती केली. दगडू माळी शेडमध्ये क्रेट उचलायचा. त्याची नजर तिच्यावर जाते हे मीच हेरलं, आणि बिरोबाच्या देवळात दोघांचा पाट मीच लावून दिला. काळे मणी मी ओवले. आंतरपाट आणायचा राहिला, म्हणून माझ्या डोक्यावरचा हिरव्या काठाचा टॉवेल धरला, एक टोक गुरवाच्या हातात, एक माझ्या. चौघांशिवाय तिथं कुणी नव्हतं. गुरव पुढं वारला.

गंधकाची धुरी दिलेल्या खोलीमागं दुसरा कुठला वास टिकत नाही. म्हणून ती जागा. डबी माझी, पत्र्याची, झाकणाला पोचा आलेला. माझं बोट, तिचं बोट, परत माझं. जगातल्या सगळ्या बायांच्या चहाड्या आम्ही त्या दहा मिनिटांत केल्या.

एक गोष्ट मी तिला कधी बोलले नाही. दगडू तिची वेणी घालायचा. तिचा खांदा निखळला होता तेव्हा सुरू केलं, आणि खांदा बरा झाल्यावरही सोडलं नाही. संध्याकाळी ओट्यावर बसून, येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर. आमच्या ह्यांनी चाळीस वर्षांत माझ्या केसात अडकलेली काडीसुद्धा काढली नाही. मी हसायची, "काय गं, बाप्याकडनं येणी घालून घेतीस, लाज न्हाई?" ती म्हणायची, "तू घाल मग." आणि मला ती वेणी घरी जाऊन, भाकरी थापताना, तव्यावर दिसायची.

त्या वर्षी उन्हाळ्यात दगडूच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा मिरजेला न्यायचं, रक्त धुऊन आणायचं. डॉक्टर म्हणाले, हे फार दिवस चालणार नाही. सोजरीची किडनी जुळत होती. पण किडनी बायकोला देता येते, शेजारणीला नाही. "बायको कशावरून?" असं किडनी मंजूर करणाऱ्या समितीनं विचारलं.

सोजर डबीवर आली आणि म्हणाली, "मालू, किटण घेतलं माझं. सुनावणीला एक साक्षीदार लागतोय. लग्नाला तूच होतीस."

"हाय की. पन एवढी घाई? सगळं तपासून घे. आपलं अवयव म्हंजी काय बेदाना हाय का, मूठभर देऊन टाकायला?"

"दोन हायती ना. एक त्याची."

एवढं सोपं बोलली. मी बोट डबीत घातलं ते तसंच राहिलं. आमच्या ह्यांना लागली असती तर मी दिली असती का? दिली असती. पण गावभर सांगून दिली असती. ती मात्र जणू वाटीभर साखर देत होती.

नोटीस पंचायतीच्या फलकावर लागली. कायदाच तसा आहे. लग्नाला हरकत असेल तर पंधरा दिवसांत सांगा. माझी सून अर्चना पाणी भरून आली ती चेहरा पाडून. मी म्हटलं, "काय झालं गं? कोन मेलं?"

"आत्याबाई, तुम्ही बसा आधी."

"बसलेल्या मानसाला बस म्हंतीस? सांग."

तिनं मोबाइलवर काढलेला फोटो वाचून दाखवला. अर्जदार सोजर दगडू माळी. दातांवरच्या थरांत दोन घरं आढळली. पहिलं, दगडू माळी, एकोणतीस वर्षं सलग. दुसरं, घर क्रमांक सतरा, सव्वीस वर्षं, मध्ये खंड.

घर क्रमांक सतरा माझ्या देवघराशेजारी काचेत होतं.

"फलकाजवळ बाया काय म्हंत्यात?" मी विचारलं.

अर्चना खाली बघत म्हणाली, "काही नाही. हसतात."

मी उठले, आणि कधी नव्हे ते चुलीपुढं जाऊन नुसती उभी राहिले. सव्वीस वर्षं! मग माझ्या डोक्यानं हिशोब केला नाही, थेट एका जागी जाऊन बसलं: नऊ वर्षांपूर्वीचे ते आठ महिने. थोरली लेक जुळ्यांना बाळंत झाली, मी नागपूरला जाऊन राहिले. इकडं ह्यांना भाकरी कुणी घातली? सोजरीनं. मीच सांगून गेले होते, "ह्यांच्याकडं ध्यान दे गं." परत आले तर ह्यांचं वजन वाढलेलं. मी तेव्हा हसून सगळ्यांना सांगितलं होतं.

ह्यांना विचारलं. "अवो, मी नागपूरला हुते तवा सोजर किती वेळ बसायची आपल्यात?"

हे पेपर वाचत होते. "भाकरी ठेवून जायची."

"नुसती ठिवून?"

"मग काय भाकरी नाचवायची?"

"आनी तुमच्या घराचा नंबर तिच्या दातावर कसा गेला?"

ह्यांनी चष्मा काढला. "मला काय ठावं? माझे दात मी कुठं ठिवून आलो न्हाई," म्हणाले आणि चष्मा परत घातला. हा माणूस असाच, एका वाक्यात संपणारा. पण त्या दिवशी मला तो शांतपणा चोराचा वाटला.

सुनावणीच्या आदल्या दिवशी सोजर दारात आली. पातळाच्या निऱ्या विस्कटलेल्या, पायाला मिरजेच्या रस्त्याची धूळ. आत आली नाही. हळू आवाजात म्हणाली, "नोटीस बघितलीस न्हवं? तू काळजी करू नगंस. मला इचारलं तरी मी काय बोलायची न्हाई. मरेपर्यंत न्हाई."

केवढा निगरगट्टपणा! माझा नवरा घेतला, आणि वर मलाच धीर देते, झाकून ठेवीन म्हणून!

"बोलू नगंसच," मी म्हटलं. "बोलन्यासारखं ठिवलंयस काय?"

तिला वाटलं, दगडूच्या काळजीनं मी चिडले आहे. "उद्या सातच्या गाडीला," म्हणाली आणि गेली. पाठमोरी जाताना तिची वेणी दिसली. वाकडी घातलेली होती. आजारी माणसानं घातली तरी घातलीच होती.

सुनावणी दवाखान्याच्याच एका खोलीत. टेबलामागं तिघं, अध्यक्ष मॅडम मधोमध, केस पांढरे, बोलणं मऊ. भिंतीला एक मोठा पडदा. सोजर माझ्याशेजारी बसली, आणि सवयीनं तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला. मी पाय आवळून घेतला.

मॅडमनी तिला विचारलं, "सोजरबाई, तुमच्या थरांत दुसरं एक घर दिसतंय. जवळच्या माणसाचंच दिसावं असं दाट. याबद्दल काही सांगायचंय?"

"न्हाई."

"मशेरी, तंबाखू कुणासोबत? एकच डबी, असं काही? असेल तर तसं सांगा, त्यानं बराच फरक पडतो."

सोजरीनं मान खाली घातली. "न्हाई, मॅडम."

"नीट आठवा. साक्षीदाराच्या शब्दाशिवाय मग आमच्याकडं दुसरं काही उरत नाही."

"न्हाई म्हनलं ना."

मला वाटलं, बघा, खोटं कसं तोंडावर बोलते. ती कुणासाठी खोटं बोलत होती ते माझ्या ध्यानात आलं नाही. सांगते तर लाज वाटते, पण तीस वर्षं जी गोष्ट मी जगाला "न्हाई" म्हणून सांगितली, ती माझी मलाच खरी वाटायला लागली होती. ती डबी कनवटीला होती आणि डोक्यात नव्हती.

"मालनबाई थोरबोले." मॅडमनी मला उभं केलं, शपथ दिली. "तीस वर्षांपूर्वी बिरोबाच्या देवळात यांचं लग्न झालं, असं अर्जात आहे. तुम्ही हजर होतात?"

खोलीत पंखा फिरत होता. बाजूच्या वॉर्डात दगडू नळ्या लावून पडला होता हे मला ठाऊक होतं. सगळं ठाऊक होतं. आणि डोळ्यांपुढं एकच, ती ओट्यावर बसलेली, आणि तिच्या केसात एका बाप्याचा हात. तो हात कधी दगडूचा दिसे, कधी ह्यांचा.

"न्हाई," मी म्हटलं. "मी न्हवते."

सोजरीनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. बेदाणा निवडताना चुकून सापाचं पिलू हातात यावं आणि हात झटकायचंही सुचू नये, तसं.

"मग आता पूर्ण पट बघावा लागेल," मॅडम म्हणाल्या. त्यांनी काहीतरी दाबलं आणि भिंतीवर सोजरीचा दात उमटला, भाकरीएवढा मोठा, आरपार कापलेला. त्यावर थर. पिवळे पट्टे दगडूचे, निळे घर सतराचे, शेजारी साल आणि महिने. पिवळा कुठं तुटला नव्हता. त्याच्या कडेकडेनं निळा, दाट, एखाद्या पातळाच्या काठासारखा.

मी ते नऊ वर्षांपूर्वीचं साल शोधलं. मला वाचायला वेळ लागतो, पण आकडे मी चुकत नाही. सापडलं. श्रावण ते फाल्गुन, आठ महिने.

तिथं निळा नव्हता.

मला वाटलं, ओळ चुकली. परत बघितलं. आठ महिने सगळं पिवळं, आणि मी नागपूरहून आले त्या चैत्रापासून निळा परत सुरू. वरच्या बाजूला आणखी एक फट होती, दोन महिन्यांची. तेव्हा माझं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, मी अंथरुणात होते. मग मी खाली गेले, जुन्या थरांत. तिथं दोन वर्षं अशी होती, की आमचे हे गुजरातेत ट्रकवर होते, दिवाळीलासुद्धा आले नव्हते. त्या दोन वर्षांत निळा सगळ्यात जाड होता.

मशीननं घर सांगितलं होतं. त्यात पुरुष आम्ही घातला. मी, फलकाजवळच्या बाया, ही समिती, सगळ्यांनीच. बाईच्या दातावर दुसरं घर म्हणजे दुसरा बाप्या, याच्यापुढं कुणाची अक्कल गेली नव्हती.

माझा हात कनवटीला गेला. पोचा आलेलं झाकण बोटाला लागलं.

पुढचं करायला मला किती वेळ लागला ते सांगता येत नाही. मॅडम काहीतरी लिहायला लागल्या होत्या, एवढं आठवतं. मी अजून गप्प राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं. माझी मुकादमकी, पाटी, काचेतलं सतरा, सगळं जागच्या जागी राहिलं असतं. सोजर बोलणार नव्हती. मरेपर्यंत न्हाई, म्हणाली होती. आणि मरणारा पलीकडच्या वॉर्डात होता.

मी डबी काढून टेबलावर ठेवली.

"ह्ये काय?" शेजारचे साहेब म्हणाले.

"मशेरी. माझी हाय. तीस वरसं आमी दोघी हितनंच लावतोय. त्यो निळा काठ ह्यांचा न्हवं, माझा हाय. माझं एकटीचं किटण घ्या आनी बघा." माझा आवाज शेडमधल्यासारखाच निघाला, तोच मला आधार. "आनी लगीन मी लावलं. आंतरपाट न्हवता, माझा टावेल धरला, हिरव्या काठाचा. काळं मनी मी ओवलं, एकशेआठ. मोजून."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "बाई, पाच मिनिटांपूर्वी तुम्ही शपथेवर नाही म्हणालात. खोट्या शपथेला शिक्षा असते."

"असू दे. दोनातली एक खोटी हाय ते मलाबी कळतंय. पयली खोटी."

"का बोललात?"

मी सोजरीकडं बघितलं नाही. "येणीपायी," म्हटलं. त्यांना ते कळलं नाही, आणि मी समजावलं नाही.

मग त्यांनी सोजरीला विचारलं, की तुम्ही का लपवलंत? नवऱ्याचा जीव टांगणीला असताना? तिनं आधी टेबलावरच्या डबीकडं बघितलं. मग म्हणाली, "ती मुकादम हाय. तिचं नाव गेलं असतं. मला वाटलं, लग्नाचं ती सांगतीयाच की. तेवढं बास हुईल."

माझं किटण घेतलं. तासाभरानं पट शेजारी शेजारी लावले. माझे थर आणि सोजरीचे थर वर्षाला वर्ष जुळले, आठ महिन्यांच्या फटीसकट. मॅडमनी आणखी एक आकडा बघितला आणि बोलू की नको असं करत बोलल्या, "सोजरबाईंशी तुमचं जुळणं तुमच्या मालकांपेक्षा जास्त आहे."

सोजरीचं लग्न त्या दिवशी मंजूर झालं. दगडूला किडनी बसली. आता तो ओट्यावर बसतो. माझ्यावर खटला चालला, शिक्षा झाली, ती मी भोगली. मुकादमकी गेली. मशेरीपायी जिला मी हाकललं होतं, ती कविता आता तिथं मुकादम आहे, आणि बरी आहे, आवाज चढवत नाही. ह्यांची माफी मागितली तर म्हणाले, "झालं न्हवं आता? जेवायला वाढ."

ऑपरेशनच्या सकाळी सोजरीनं मला बोलावणं धाडलं होतं. कागदावर साक्षीदाराची सही लागत होती. मी गेले. ती खाटेवर बसलेली, दवाखान्याचा झगा घातलेली, केस मोकळे. मी वाकड्यातिकड्या अक्षरात सही केली. मग मला राहवलं नाही. म्हटलं, "सोजर, बस जरा अशी. केस मोकळंच हायती. येणी घालू?"

"नर्स टोपी घालनार हाय."

मी थांबले. कनवटीची डबी काढून तिच्यापुढं धरली. एवढंच माझ्याकडं होतं.

"डॉक्टरांनी सोडाया लावलीया," ती म्हणाली. "किडनी द्यायची तर मशेरी चालत न्हाई."

ते खरं आहे. मी मागाहून डॉक्टरांना विचारलं. पण बोलताना ती खिडकीकडं बघत होती, हेही खरं आहे.

त्याला आता तीन वर्षं झाली. परवा तपासणीच्या मॅडम परत गावात आल्या होत्या, त्यांनी माझा दात बघितला. मी विचारलं, वरच्या थरात काय दिसतं? म्हणाल्या, सतरा नंबर आहे, ठीक आहे. मी म्हटलं, दुसरं काही? म्हणाल्या, नाही, दुसरं तीन वर्षांपूर्वी थांबलं.

परवा सोजर रस्त्यात दिसली. कविताशी बोलत उभी होती, हसत होती, आणि दोघींची डोकी जवळ होती. मी वाट बदलली. घरी येऊन भाकरी थापायला घेतली, आणि तव्यावर मला ती दोन डोकी दिसली.